शिक्षा संपल्यावर घरी सोडलं, तर त्यात मेहरबानी कसली?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

२०२५ च्या २ जुलैचा तुमचा पेपर मी अजून ठेवलाय. एरवी आमच्या दुकानातली रद्दी शेजारचा वडापाववाला घेऊन जातो, पण ती एक प्रत मी ड्रॉवरमध्ये टाकली कारण तिच्यात दोन बातम्या होत्या. पहिल्या पानावर मोठ्या टायपात, पाकिस्तान महिनाभरासाठी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा अध्यक्ष झाला. आणि आत कुठेतरी बाजारभावाच्या खाली बोटभर जागेत, भारत आणि पाकिस्तानने एकमेकांना कैद्यांच्या याद्या दिल्या. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी, १ जुलैला झाल्या. मग महिनाभर टीव्हीवर बघत होते, त्यांचे परराष्ट्रमंत्री न्यूयॉर्कला खुर्चीवर बसून गाझाबद्दल बोलतायत, मदतीचे ट्रक आत सोडा, माणुसकीचा कायदा पाळा, सगळं अगदी बरोबर बोलत होते हो, एक शब्द खोडण्यासारखा नव्हता. गाझातल्या पोरांना दूध-औषध मिळायलाच पाहिजे. पण माझ्या डोक्यात आपला तो बोटभर जागेतला आकडा फिरत होता. १९३. एवढे भारतीय मच्छीमार, किंवा पाकिस्तान ज्यांना भारतीय समजतं असे, त्या दिवशी त्यांच्या जेलात होते. आणि कैदी नि मच्छीमार मिळून १५९ जण असे, की ज्यांची शिक्षा भोगून झालीय, त्यांना लवकर सोडा असं आपल्या सरकारने त्याच दिवशी पाकिस्तानला सांगितलं.

शिक्षा भोगून झालीय. तरी आतच.

मी कोण ते सांगते. डहाणूच्या किनाऱ्याला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो, ऑनलाइन फॉर्म, लाइट बिल, असलं सगळं. पत्रकार नाही, वकील तर नाहीच, बारावी झालेय. पण या विषयातले कागद माझ्या मशीनवरून इतके गेलेत की मला वाटतं मला दोन शब्द बोलायचा हक्क आहे. आमच्याकडे नि तलासरीच्या बाजूला पावसाळा ओसरला की पोरं गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. ओखा, पोरबंदर, वेरावळ, मांगरोळ. नारळी पौर्णिमेच्या आगेमागे तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, नाहीतर त्याचा माणूस जीप घेऊन पाड्यावर येतो, हातात उचल ठेवतो, ती उचल लावणीचं देणं आणि दुकानातली उधारी यातच संपते, आणि पोरगा आठ-नऊ महिने समुद्रावर. यातले कितीतरी जण कोळी किंवा मांगेले नाहीत, आदिवासी आहेत, डोंगराकडचे, पहिल्यांदा बोटीवर चढतो तेव्हा उलट्या करून करून अर्धा होतो. इथे शेतात चार महिने काम, पुढे काय खायचं, म्हणून जातात. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठली, बोटी सुटल्या, की माझ्या दुकानात आधार कार्डाच्या झेरॉक्सची लाइन लागते. आणि त्यातला एखादा परत आला नाही की त्याची बायको येते.

तिला आधी फोन येतो सेठचा, म्हणजे बोटमालकाचा, "बोट पकडली गई". झालं. कुठे, किती वाजता, माणूस जिवंत आहे का, काही कळत नाही. पाकिस्तानची सागरी सुरक्षा एजन्सी बोट ओढत कराचीला नेते, तिथे पोलीस, कोर्ट, मग मलीरचा जेल. इकडे हिने काय करायचं तर कागद. कारण तो भारतीय आहे हे भारताने कळवल्याशिवाय तो सुटणार नाही, आणि भारताला ते कळवायला पोलीस ठाण्याकडून चौकशी लागते, चौकशीला रेशन कार्ड, आधार, शाळेचा दाखला, ग्रामपंचायतीचा दाखला. आणि इथे खरी गंमत सुरू होते, गंमत कसली, डोकेदुखी. माणूस एकच पण घरात लक्ष्या, आधारवर लक्ष्मण, बोटीच्या कागदावर मेहताने, म्हणजे सेठच्या मुनिमाने, गुजरातीत लिहिलेला लखमण, आणि कराचीहून उर्दूतून इंग्रजीत होऊन येतो तेव्हा लछमन. बापाचं नाव वेगळं, गावाचं नाव तर ओळखू येत नाही. एकदा एका बाईचा अख्खा सेट एका ऑफिसातून परत आला, का, तर दाखल्यावर नावात काना नव्हता. तीन महिने त्या कान्यात गेले. ती मला म्हणाली, "ताई, तू पेनानं टाक ना काना." मी म्हटलं, बाई गं, मी टाकला तर मी पण आत जाईन. दोघी हसलो. नंतर ती दुकानाच्या पायरीवर बसून किती वेळ रडत होती. मशीन चालूच ठेवलं मी, आवाजात रडू कमी ऐकू येतं.

आता मुद्दा. २००८ साली मे महिन्यात दोन्ही देशांनी एक करार केलाय, त्याप्रमाणे दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला याद्या द्यायच्या. हे तर होतं, युद्धासारखी परिस्थिती असली तरी होतं, चांगली गोष्ट आहे. पण त्याच करारात पुढे असंही आहे की पकडल्यापासून तीन महिन्यांच्या आत वकिलातीच्या माणसाला भेटू द्यायचं, आणि शिक्षा संपली, नागरिकत्व पक्कं झालं, की एक महिन्यात घरी पाठवायचं. एक महिना. तो महिना कुठल्या कॅलेंडरमधला आहे तेवढं मला कोणीतरी सांगा. कारण माझ्या गिऱ्हाइकांमध्ये असा एकही नाही जो शिक्षा संपून महिन्यात आला. शिक्षा असते काही महिन्यांची. राहतात वर्षानुवर्षं.

आणि मुळात जेलच का? समुद्राचा जो आंतरराष्ट्रीय कायदा आहे, संयुक्त राष्ट्रांचाच, जो भारताने १९९५ मध्ये आणि पाकिस्तानने १९९७ मध्ये मान्य केला, त्याच्या ७३व्या कलमात म्हटलंय की दुसऱ्या देशाच्या आर्थिक क्षेत्रात, म्हणजे समुद्राच्या ज्या पट्ट्यात मासेमारीचा हक्क त्या देशाचा असतो तिथे, मासेमारीचा नियम मोडला म्हणून कैदेची शिक्षा देता येत नाही, दोन देशांत तसा वेगळा करार असेल तरच, आणि जामीन घेऊन बोट नि माणसं लवकर सोडायची. दंड करा, मासळी जप्त करा. ते होत नाही कारण मासेमारीच्या कायद्याबरोबर परदेशी नागरिकांचा कायदा पण लावतात, आणि तो कायदा कुठला तर १९४६ चा, इंग्रजांचा, फाळणीच्या आधीचा. म्हणजे तेव्हा कराचीचा कोळी आणि डहाणूचा मांगेला एकाच राज्यकर्त्याची रयत होते, आणि त्या काळच्या कायद्याने आज ते एकमेकांचे परदेशी. आपल्याकडेही २०२५ पर्यंत तोच कायदा चालला, हे पण सांगायला पाहिजे.

पाण्यावर रेघ नसते हे वाक्य ऐकून ऐकून गुळगुळीत झालंय पण इथे ते अगदी शब्दशः खरं आहे. कच्छजवळ सर क्रीक म्हणून ९६ किलोमीटरची खाडी आहे, तिची हद्दच अजून ठरलेली नाही, आणि खाडीची हद्द नाही म्हणून पुढे समुद्रातली पण दोघांनी मिळून ठरवलेली नाही. रात्री जाळं पाण्यात असतं, इंजिन बंद, बोट करंटबरोबर सरकत राहते. तांडेलकडे जीपीएस असतो हो, मी काही भाबडी नाही, काही तांडेल मुद्दाम पण जातात, कारण आपल्या बाजूचा किनारा घासून घासून संपवलाय, पापलेट नाही, घोळ नाही, आणि पलीकडे मिळते. पण खलाशाला कोण विचारतो? तो खाली बर्फ फोडतोय नाहीतर मासळी निवडतोय. त्याला बोट कुठल्या देशात आहे ते पलीकडची स्पीड बोट अंगावर आली की कळतं. आणि कधी कधी नुसती स्पीड बोट येत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये जलपरी नावाच्या बोटीवर गोळीबार झाला, त्यात आपल्याच पालघर जिल्ह्यातला खलाशी गेला. बोटी तर परत येतच नाहीत, हजारावर बोटी पलीकडे सडतायत म्हणतात, पण बोट सेठची, सेठ बघून घेईल. माणूस बाईचा.

हे सगळं असताना जेव्हा सुटका होते तेव्हा बातमी कशी येते बघा. "सद्भावना म्हणून", "मानवतावादी भूमिकेतून", पाकिस्तानने मच्छीमारांना सोडलं. २०२३ मध्ये मे महिन्यात १९८ सोडले, जूनमध्ये २००, नोव्हेंबरला दिवाळीच्या सुमारास ८०. आनंद झालाच, मी स्वतः पेढे खाल्लेत. २०२५ च्या फेब्रुवारीत २२ आले. पण साहेब, ज्याची शिक्षा संपली त्याला सोडणं ही सद्भावना कशी? माझ्याकडे कोणी शंभराची नोट देऊन दहाच्या झेरॉक्स काढल्या आणि मी नव्वद परत दिले तर मी दानधर्म केला का? त्याचेच पैसे आहेत ते. आणि ते पण सुट्टे नाहीत, उद्या ये, परवा ये, सणाला ये करत दोन वर्षांनी द्यायचे, वर फोटो काढायचा. सुटका बहुतेक वेळा कशाच्या तरी मुहूर्तावर होते, कोणाची भेट आहे, सण आहे, बोलणी सुरू व्हायचीयत. माणसं म्हणजे फ्रीझरमधली मासळी झाली, भाव आला की काढायची. आणि यात आपला देश धुतल्या तांदळाचा आहे असं मी म्हणत नाहीये, त्यावर येते खाली.

पण एक गोष्ट मला लिहायचीच आहे आणि ती लिहिली की आमच्या घरात भांडण होतं. माझा दीर म्हणतो, पाकिस्तानचं काय कौतुक करतेस. मी पाकिस्तान सरकारचं करत नाही. पण कराचीत एक एधी फाउंडेशन आहे. अब्दुल सत्तार एधी म्हणून गृहस्थ होते, मूळचे आपल्याच जुनागढच्या बाजूचे, बांटवा गावचे, १९२८ चा जन्म, फाळणीत कराचीला गेले. तिथे एका छोट्या दवाखान्यापासून सुरुवात करून ॲम्ब्युलन्सचं एवढं मोठं जाळं उभं केलं की तिकडे अपघात झाला की लोक आधी एधीला फोन करतात. त्यांच्या सेंटरच्या बाहेर पाळणे असतात, नको असलेलं मूल मारू नका, पाळण्यात टाका, कोणी विचारणार नाही. २०१६ मध्ये गेले ते. त्यांच्या बायको बिल्किस, त्या पण बांटव्याच्याच, २०२२ मध्ये गेल्या. आपली एक मूकबधिर मुलगी चुकून पलीकडे गेली होती ती यांच्याकडेच वाढली, बिल्किसबाईंनी ती हिंदू आहे असं दिसल्यावर तिला पूजेला जागा करून दिली होती, २०१५ मध्ये ती परत आली तेव्हा देशभर गाजलं होतं. आपल्या पंतप्रधानांनी एक कोटी रुपये देऊ केले, एधींनी नम्रपणे नको म्हटलं. मला आकड्यापेक्षा ते नको म्हणणं लक्षात राहिलंय.

तर आमचे खलाशी सुटतात तेव्हा मलीरच्या दारात हे एधीवाले उभे असतात. कपडे, खाणं, लाहोरपर्यंतचं रेल्वेचं तिकीट, थोडे पैसे हातात. आमच्या इथला एक जण २०२३ च्या लॉटमध्ये आला, चार वर्षांनी. तो दुकानात आला तेव्हा मला आधी ओळखूच आला नाही, दाढी, डोळे आत गेलेले, आणि बोलता बोलता मध्येच "जी" म्हणायचा. तो सांगत होता, गाडी सुटताना त्या एधीच्या माणसाने प्रत्येकाला डबा दिला आणि विचारलं, नॉनव्हेज खाता ना, नाहीतर वेगळं आहे. हे सांगताना तो गप्पच झाला. म्हणाला, "चार वर्षांत मला काय खातोस म्हणून कोणी विचारलं नव्हतं." लाहोर, मग वाघा, पायी गेट ओलांडलं, अमृतसर, तिथून गुजरात, मग घर. त्याने माझ्यासाठी एक की-चेन आणली होती. जेलात आपली पोरं मण्यांचं काम शिकतात, हार, अंगठ्या, पर्स, वेळ घालवायला आणि चार पैसे सुटायला. ही की-चेन म्हणजे बोट आहे, हिरवे नि पांढरे मणी, शिडाच्या जागी एक लाल, आणि बाजूला माझ्या दुकानाचं नाव घालायला गेला तर अर्ध्यात मणी संपले. ड्रॉवरच्या किल्लीला तीच लावलीय. ज्या ड्रॉवरमध्ये तुमचा पेपर आहे.

हे तिकडचे साधे लोक, आणि सरकार, दोन्ही एकाच पिशवीत घालू नका एवढंच माझं म्हणणं. पाकिस्तान माणुसकी दाखवतं का असं मला कोणी विचारलं तर मी म्हणेन कोण पाकिस्तान? एधी दाखवतात. कराचीतले निवृत्त न्यायमूर्ती नासिर अस्लम झाहिद यांनी आपल्या मच्छीमारांसाठी खटपट केली, तिथल्या मच्छीमार संघटना आपल्या लोकांसाठी बोलतात, मुंबईतले जतिन देसाई आणि त्यांचा पीपल्स फोरम इकडून पाठपुरावा करतो. अस्मा जहांगीर या लाहोरच्या वकील बाई, २०१८ मध्ये गेल्या, आयुष्यभर स्वतःच्याच सरकारशी आणि लष्कराशी भांडल्या, त्यांनी उभ्या केलेल्या तिथल्या मानवी हक्क आयोगाचे अहवाल वाचले तर आपल्या टीव्हीवाल्यांपेक्षा कडक आहेत. हा सरकारी आयोग नव्हे, लोकांचा. आणि सरकार? पाकिस्तानच्या जेलात असलेल्या कुलभूषण जाधवांच्या बाबतीत हेगच्या आंतरराष्ट्रीय कोर्टाने १७ जुलै २०१९ ला सांगितलं की वकिलातीला भेटू न देऊन पाकिस्तानने आंतरराष्ट्रीय करार मोडला, १५ विरुद्ध १ मतांनी. ज्या अफगाण लोकांना चाळीस वर्षं थारा दिला, आणि तो दिला हे खरंच मोठं काम होतं, त्यांना २०२३ मध्ये १ नोव्हेंबरची मुदत देऊन बाहेर काढायला सुरुवात केली, पाकिस्तानात जन्मलेली पोरं सुद्धा. मग सुरक्षा परिषदेत माणुसकीवर भाषण. बोला, पण घरचं पण बघा जरा.

मदतीचं पण असंच. २००१ ला भुजचा भूकंप झाला तेव्हा पाकिस्तानातून तंबू नि चादरी घेऊन विमान अहमदाबादला आलं होतं. २००५ ला तिकडे काश्मीरात भूकंप झाला तेव्हा आपण सामान पाठवलं. २०१० च्या त्यांच्या महापुरात आपण आधी ५० लाख डॉलर म्हटले, नंतर अडीच कोटी केले, पण ते पैसे थेट घ्यायला त्यांना जड गेलं, मग संयुक्त राष्ट्रांमार्फत गेले. कोविडच्या दुसऱ्या लाटेत एप्रिल २०२१ मध्ये एधींच्या मुलाने, फैसल एधींनी, आपल्या पंतप्रधानांना पत्र लिहून ५० ॲम्ब्युलन्स पाठवू का असं विचारलं होतं, ड्रायव्हर, डिझेल, जेवण सगळं आमचं, तुम्ही फक्त परवानगी द्या. त्या महिन्यात आमच्याकडे ॲम्ब्युलन्ससाठी काय धावपळ होती ते डहाणूतल्या कोणालाही विचारा. आल्या नाहीत त्या. येऊ शकल्या असत्या का, देणं-घेणं बरोबर झालं असतं का, मला माहीत नाही, पण कोणीतरी विचारलं होतं एवढं लक्षात ठेवलंय.

आता आपल्याबद्दल. त्याच १ जुलैला आपण जी यादी दिली तिच्यात पाकिस्तानचे ८१ मच्छीमार होते आणि ३८२ इतर कैदी. हे मच्छीमार बहुतेक सिंधच्या किनाऱ्यावरचे, आणि कराचीजवळ इब्राहिम हैदरी म्हणून मच्छीमारांची मोठी वस्ती आहे, तिथल्या बायका पण असेच कागद घेऊन कुठल्यातरी झेरॉक्सच्या दुकानात बसत असणार. तिचा पण नवरा लक्ष्यासारखाच कोणीतरी, घरात एक नाव, कार्डावर दुसरं, आणि आपल्या गुजरातच्या पोलिसाने लिहिलेलं तिसरं. त्यांची शिक्षा संपून महिना उलटला असेल तर तो करार आपण पण मोडलाय, दुसरं काय. हे म्हटलं की लोक म्हणतात तुला देशाचं काही नाही. मला देशाचं आहे म्हणूनच म्हणते. आपण त्यांचा माणूस वेळेवर सोडला तर आपल्या माणसासाठी भांडताना आपला आवाज मोठा निघेल, एवढा साधा हिशोब आहे. दोन्ही देशांचे मिळून आठ निवृत्त न्यायाधीश, प्रत्येकी चार, अशी एक समिती २००७ पासून होती, ते एकमेकांच्या जेलांत जाऊन कैद्यांना भेटायचे, कोण आजारी, कोणाची शिक्षा संपली, बघायचे. २०१३ नंतर ते जाणंच बंद पडलंय. म्हणजे तेव्हापासून कोणी जाऊन बघितलेलं नाही.

आणि २०२५ मध्ये तर सगळंच वाईट. पहलगाम झालं, निरपराध माणसं मारली, त्यानंतर अटारीचं गेट बंद झालं, मे महिन्यात काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. त्या चार दिवसांत इथे किनाऱ्यावर लाइट बंद करून बसलो होतो पण मलीरमध्ये ज्यांची माणसं आहेत त्यांच्या घरात काय चाललं असेल. लगेच जूनच्या सुरुवातीला कराचीत भूकंपाचे धक्के बसले आणि त्या गडबडीत मलीरच्याच जेलमधून दोनशेवर कैदी पळाले. ती बातमी व्हॉट्सॲपवर फिरली, आणि सकाळी दुकान उघडायच्या आधीच तिघी जणी शटरपाशी उभ्या. मोबाईल पुढे करून विचारतायत, यात आपले आहेत का, पळताना गोळी घातली का. मी काय सांगणार? इंटरनेटवर शोधलं, उर्दू वेबसाइटचं भाषांतर करून वाचून दाखवलं, त्यात भारतीयांचं नाव नव्हतं म्हटल्यावर एकीने तिथेच जमिनीला हात लावला. मार्च २०२४ मध्ये डहाणू तालुक्यातलाच एक खलाशी कराचीत वारला होता ना, त्याचा देह घरी पोहोचेपर्यंत एप्रिल संपला होता. सगळ्यांच्या मनात तेच होतं पण कोणी बोललं नाही.

म्हणून पाकिस्तान सरकारला माझं काही सांगणं पोहोचणार नाही, तुम्हालाच सांगते. तुमचा पेपर आमच्या जिल्ह्यात घरोघरी जातो. वर्षातून दोनदा ती यादी निघते, १ जानेवारी आणि १ जुलै. तिच्यातले पालघर जिल्ह्याचे जे कोणी आहेत त्यांची नावं, घरच्यांना विचारून, तालुक्याप्रमाणे छापा. बोटभर जागेत १९३ आकडा छापू नका, आकड्याने कोणाला काही कळत नाही. अमक्याची शिक्षा अमक्या तारखेला संपली, आज इतके दिवस झाले, असं छापा. जमलं तर तिकडच्या ८१ जणांचं पण एक वाक्य टाका. आपले खासदार संसदेत मच्छीमारांवर प्रश्न विचारतात, उत्तर येतं, पाठपुरावा सुरू आहे. तो पाठपुरावा दोन न्यायाधीश विमानात बसवून कराचीला पाठवण्यापर्यंत कधी पोहोचणार ते विचारा ना कोणीतरी. गेट बंद आहे मान्य, पण मलीरमधल्याने पहलगाम केलेलं नाही आणि आपल्या जेलातल्या सिंधच्या कोळ्यानेही नाही.

आणि इकडच्या इकडे करण्यासारखं पण एक आहे. बोटीवर चढायच्या आधी खलाशाचं नाव आधार कार्डावर जसं आहे तसंच बोटीच्या कागदावर जायला पाहिजे, एवढं जरी बंदरावर कोणी बघितलं तरी निम्मी बायकांची रांग माझ्या दुकानातून कमी होईल. माझा धंदा कमी होईल, चालेल.

परवा जीप येऊन गेली. आमच्या शेजारच्या पाड्यावरून सात जण गेले, त्यात एक असा आहे ज्याचा सख्खा भाऊ मलीरमध्ये आहे. मी त्याला म्हटलं अरे तू तरी थांब या वर्षी. तर म्हणाला, ताई, भावाची उचल पण फेडायचीय. मी त्याच्या आधारची झेरॉक्स काढली, मोठ्या अक्षरात कागदावर त्याचं नाव मराठीत, गुजरातीत आणि इंग्रजीत लिहून दिलं, म्हटलं तांडेलला हे दाखव, असंच लिहून घे, एक अक्षर इकडे तिकडे नको. त्याचे पैसे घेतले नाहीत. त्याने तो कागद चार घड्या करून मोबाईलच्या कव्हरमध्ये ठेवला.

पत्र लांबलं, कापून छापलंत तरी चालेल, फक्त तो एक महिन्यावाला भाग ठेवा. लाइट आली, गिऱ्हाईक उभं आहे, थांबते.

आपली एक वाचक,
डहाणू, जि. पालघर